छत्रीवाल्या बाईंचा लपूस

अकोल्यात रेल्वेच्या रुळांवरून पलीकडे नेणारा एक पायऱ्यांचा पूल होता. एका बाजूनं छत्तीस पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या बाजूनं छत्तीस उतरायच्या. हा आकडा मनकर्णाबाईंनी मोजलेला, त्यामुळे त्याबद्दल वाद नको. मुलींच्या प्राथमिक शाळेत त्या चौथीला शिकवीत, गणित त्यांच्या खास जिव्हाळ्याचं, आणि जी गोष्ट मोजता येते तिच्याबद्दल दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभाव.

रोज सकाळी दहाला त्या पुलावर दिसायच्या. किरकोळ अंगाच्या, पांढरं सुती लुगडं, आणि डोक्यावर पुरुषी काळी छत्री. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात डोकं झाकायला कोणी हसत नाही. पण ही छत्री पौषातल्या कोवळ्या उन्हातही उघडलेली असायची. गावाला नाव ठेवायला एरवी कारण शोधावं लागतं, इथं ते डोक्यावरच उघडून धरलेलं होतं. त्यामुळे त्या झाल्या छत्रीवाल्या बाई. त्यांनी ते नाव मनाला लावून घेतलं नाही, कारण याहून वाईट नाव त्यांना एकदा मिळालं होतं आणि ते त्यांनी परतवून लावलं होतं.

ती गोष्ट एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यातली. तेव्हा त्या नुसत्या मनकर्णा होत्या, वय सव्वीस. सुटीत चांदूर बाजारजवळच्या आपल्या गावी आईकडे आल्या होत्या. वडील वारलेले, घरात आई जाईबाई एकटी. आठ दिवस आईबरोबर उन्हात फिरल्या आणि नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. बोटांची कांडी सुजली. संध्याकाळी अंगात कसर, सकाळी फणीत केसांचा पुंजका. अकोटच्या कापसाच्या जिनातल्या एका कारकुनाशी सोयरीक ठरत आली होती. त्यांच्याकडची बाई मुलगी बघून गेली आणि जाता जाता वेशीपाशी एक शब्द टाकून गेली. रक्तपिती.

त्या काळी तो शब्द पुरेसा होता. दोन दिवसांत शेजारणीनं पाण्याचं भांडं लांबून ओतायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी भावकीतले पुंजाजी चार माणसं घेऊन ओसरीवर आले. पुंजाजी वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीची खात्री फार लवकर पटायची. पोरीला महारोग्यांच्या वसतीत नेऊन सोडावं, तिथं औषधपाणी होतं, असं ते अगदी कळवळ्यानं सांगत होते. जाईबाई भिंतीला टेकून रडत होत्या.

मनकर्णाबाई आत गेल्या आणि गोधडी शिवायची दाभणासारखी सुई घेऊन बाहेर आल्या. ती पुंजाजींच्या हातात दिली.

"काका, टोचा."

"काय म्हनते व पोरी?"

"गालावर टोचा. मी डोये मिटून घेते. कुठी टोचलं थे मी सांगते."

चार माणसांत पुंजाजी माघार कशी घेणार? त्यांनी डाव्या गालावर टोचलं. "डावा गाल, डोयाखाली." उजवीकडे टोचलं. "उजवा, कानाकडं." नाकावर, बोटावर, परत गालावर. पाचच्या पाच उत्तरं बरोबर आली. गालावरून रक्ताचा थेंब ओघळला तो त्यांनी पदरानं टिपला.

"महारोग्याच्या चट्ट्याले टोचलेलं कयत नाई, काका. आमच्या आरोग्याच्या पुस्तकात हाये. मले समदं कयून राह्यलं. हे भांडं लांबून ओततात थे बी कयून राह्यलं."

पाचही जण उठून गेले. सोयरीक मोडली ती मोडलीच, पण मनकर्णाबाई गावात राहिल्या आणि जूनमध्ये शाळेत हजर झाल्या.

महारोग नाही, मग आहे काय? याचं उत्तर जाईबाईंकडे तयार होतं. वात. वऱ्हाडात वाताला राहायला जागेची वाण नव्हती. गुडघ्यात वात, कमरेत वात, डोक्यात वात. बाईमाणसाचं दुखणं म्हटलं की आधी वात आणि मग, जमलं तर, चौकशी. जाईबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून लेकीची बोटं शेकायला घेतली आणि पुढची दहा वर्षं ती पुरचुंडी काही खाली ठेवली नाही.

ऊन लागलं की चट्टा पेटतो, हे मनकर्णाबाईंनी स्वतःच ताडलं. वडिलांची जुनी छत्री तेव्हापासून हातात आली. ती मिटायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि फक्त एकदा मिटली. छप्पनच्या ऑक्टोबरात मायलेकी दीक्षा घ्यायला नागपूरला गेल्या. माणसांचा समुद्र लोटलेला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, छत्री खाली घ्या न, काईच दिसून नाई राह्यलं." मागे वळून पाहिलं तर एक म्हातारी टाचा उंचावून उभी. मनकर्णाबाईंनी छत्री मिटली आणि भर उन्हात, उघड्या तोंडानं, एकेक प्रतिज्ञा म्हटली. आठवड्यात चेहरा भाजल्यासारखा झाला, ताप चढला, पायांवर सूज आली. लोक हळहळले. त्या मात्र पुढे आयुष्यभर सांगायच्या की तेवढं ऊन मला पाहिजेच होतं.

त्या आजारपणात नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या रक्ताची काचेखाली तपासणी झाली आणि दुखण्याला खरं नाव मिळालं. डॉक्टर म्हणाले, ल्यूपस. शरीर स्वतःवरच उलटतं, कधी कातडीवर, कधी सांध्यांवर, कधी आतल्या अवयवांवर.

"काय म्हनते थे? लपूस?" जाईबाईंनी विचारलं. "लपून बसते म्हनून लपूस काय?"

डॉक्टर हसले. तो परक्या भाषेतला शब्द आहे, त्याचा अर्थ लांडगा, असं त्यांनी समजावून सांगितलं. मनकर्णाबाईंना आईचाच अर्थ पटला. लांडगा निदान दिसतो तरी. हा एकीकडे बरा झाला म्हणावं तर दुसरीकडून डोकं काढतो. तेव्हापासून त्यांच्या घरात त्या आजाराचं नाव लपूस पडलं.

मलेरियावर देतात ती गोळी सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक नवी, बारीक, पांढरी, स्टेरॉइडची गोळी. त्या पांढऱ्या गोळीनं सूज उतरली, ताप गेला आणि चेहरा पुरीसारखा टम्म फुगला. जाईबाईंना आनंद झाला. पोरगी भरली म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पोरगी आरशात बघून एवढंच म्हणाली, "असू दे. शिकवाले तोंडाची गोलाई आड येत नाई." सत्तावन्नच्या जूनला त्या पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. आईला त्यांनी अकोल्याला आणलं. पुढची नऊ वर्षं लपूस अधूनमधून सांध्यांत डोकावायचा, पण शाळा बुडाली ती बोटांवर मोजण्याइतकी. चौथी झाली की मुलींची शाळा बंद करायची रीत होती. बाई छत्री घेऊन त्या मुलींच्या घरी जाऊन बसायच्या आणि बापानं पाचवीत नाव घालतो म्हटल्याशिवाय उठायच्या नाहीत. असे कितीतरी बाप त्यांना टाळून दुसऱ्या गल्लीनं जायचे.

सहासष्टच्या जानेवारीत पुलावर छातीत दुखलं.

दुखलं म्हणजे कळ नव्हे. छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळावी तसं, आणि डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत जडपणा. बाई कठड्याला धरून थांबल्या. पाच मिनिटांत ते गेलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांनी पायऱ्या मोजल्या. बाविसावी. तिसऱ्या दिवशी बाविसावी. सपाट रस्त्यावर काही नाही, वर्गात काही नाही, जेवल्यावर काही नाही. फेब्रुवारी संपता संपता ती पायरी बाविसावरून एकोणिसावर आली.

"वात हाये," जाईबाई म्हणाल्या. "छातीत आला आता." ओव्याची पुरचुंडी छातीवर फिरू लागली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, जीभ पाहिली. गॅस आहे म्हणाले. सदतीस वर्षांची बाई, हडकुळी, तंबाखू नाही, विडी नाही, ज्वारीची भाकर खाणारी. हिला हृदयाचं दुखणं कशाला होईल? लग्न झालेलं नाही, जीव एकटा पडतो, मग असं होतं, हेही त्यांनी हसत सांगून टाकलं. हे ऐकून मनकर्णाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"डॉक्टरसाहेब, गॅसले पायऱ्या मोजता येते काय?" त्यांनी विचारलं. "रोज त्याच पायरीवर येते थो. माह्या वर्गातल्या पोरीयलेबी इतकी अचूक मोजदाद जमत नाई."

डॉक्टरांनी पाचकाची बाटली दिली. बाईंनी ती महिनाभर इमानदारीनं घेतली, कारण प्रयोग पुरा केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो. बाटली संपली तेव्हा पायरी सतरावी होती.

आता त्यांना भीती वाटली. खरीखुरी भीती. पायरी खाली सरकत होती, आणि ती शून्यावर आली की काय होईल हे सांगायला गणित लागत नव्हतं. आईला दुसरं कोणी नव्हतं. वर्गात सव्वीस मुली होत्या, त्यांतल्या नऊ जणींच्या बापांना अजून गाठायचं होतं. लपूसनं मारलं तर मारलं, पण चुकीच्या नावाखाली मरायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. एकदा चुकीचं नाव परतवलं होतं, दुसऱ्यांदाही परतवायचं.

अमरावतीला डॉक्टर वामनराव म्हणून होते, त्यांच्याकडे हृदयाचा आलेख काढायची मशीन आल्याचं कळलं. एप्रिलमध्ये रजा टाकून मायलेकी एस.टी.नं अमरावतीला गेल्या. दवाखाना माडीवर होता. चोवीस लाकडी पायऱ्या. सतराव्या पायरीवर छातीत मूठ आवळली. बाई थांबल्या, मग हळूहळू वर गेल्या. वर नत्थुजी कंपाउंडरनी नाव लिहून घेतलं आणि बाकाकडे बोट दाखवलं.

"बसा. नंबर लागला का बलावतो."

तासाभरानं नंबर लागला. वामनराव मन लावून तपासणारे होते. त्यांनी सगळं विचारलं, बाईंना खाटेवर निजवलं, हातापायांना पट्ट्या बांधल्या. मशीन घरघरली आणि रेघोट्यांची कागदी पट्टी बाहेर आली. वामनरावांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली.

"अगदी स्वच्छ आहे, बाई. हृदय उत्तम. वायूचा त्रास आहे तुम्हाला." त्यांनी केसपेपरवर लिहिलं, वायुविकार.

जाईबाईंनी हात जोडले. मायलेकी खाली आल्या. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. बाईंनी छत्री उघडली, चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

"चाल न व," जाईबाई म्हणाल्या. "गाडी सुटंन. बरं झालं बाप्पा, काई नाई निंगालं."

मनकर्णाबाई हलल्या नाहीत. सांगितलेलं उत्तर आणि मोजलेलं उत्तर जुळत नव्हतं. मग चूक कुठे आहे? त्या उभ्या उभ्या मागे मागे गेल्या, जशा फळ्यावरच्या गणितात एकेक पायरी मागे जायच्या. मशीन लावली तेव्हा दुखत होतं का? नाही. दुखलं कधी? जिन्यावर. मध्ये काय होतं? बाक. तासभर बाकावर बसून लपूस निवांत लपला होता आणि मग डॉक्टरांनी त्याला खाटेवर शोधलं होतं.

"माय, हे धर," म्हणून त्यांनी छत्री आईच्या हातात दिली आणि वळल्या.

जिना त्या झपाझप चढू लागल्या. दहाव्या पायरीला श्वास लागला. सोळाव्याला मूठ आवळली. सतराव्याला एरवी त्या थांबायच्या, या वेळी थांबल्या नाहीत. विसाव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात छातीवर दाबून त्या चोविसाव्या पायरीवर पोचल्या तेव्हा लुगडं घामानं चिंब होतं.

"अवो बाई, तुमचा नंबर झाला न!" नत्थुजी आडवे झाले. "बसा बाकावर, पुसून येतो."

"बाकावर नाई," बाई म्हणाल्या. आवाज निघत नव्हता, तरी म्हणाल्या. "बाकावर बसलं का थो लपते." नत्थुजींना बाजूला सारून त्या आत शिरल्या. खाटेवर दुसरं कोणी नव्हतं हे नशीब. त्या आडव्या झाल्या आणि दोन्ही हात पट्ट्यांसाठी पुढे केले.

"डॉक्टरसाहेब, आता लावा मशीन. आत्ताच."

वामनराव चिडून उठले होते, पण त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि शब्द गिळला. भराभर पट्ट्या बांधल्या. मशीन घरघरली. पट्टी बाहेर येऊ लागली तशी वामनरावांची मान खाली वाकत गेली. मघाशी जिथं रेघ सरळ होती, तिथं ती आता झोळीसारखी खाली लोंबली होती. त्यांनी एक बारीक गोळी बाईंच्या जिभेखाली ठेवली आणि मनगट धरून बसले. थोड्या वेळानं मूठ सुटली, तसं रेघोट्यांचं लोंबणंही ओसरत गेलं.

"असं पुन्हा कधी करायचं नाही," वामनराव म्हणाले. "जिन्यावरच राहिला असतात."

"पुलावर रायली असती एक दिवस. इथं डॉक्टर तरी होता."

वामनरावांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून दाखवल्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून अरुंद झाल्या आहेत, जुन्या नळात क्षार बसतो तसं. बसल्या जागी पुरेसं रक्त जातं, चढण आली की कमी पडतं.

"हे मी साठीतल्या माणसांत पाहतो, बाई. तुपावर आणि विड्यांवर पोसलेल्या. तुम्ही सदतीस वर्षांच्या."

"मंग मले काहून?"

वामनरावांनी दोन्ही पट्ट्या पुन्हा एकदा पाहिल्या. "माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "त्या ल्यूपसनं असेल, इतकी वर्षं घेतलेल्या गोळ्यांनी असेल, की दोन्हींनी. माझ्या पुस्तकांत तरी असं कुठं वाचलेलं नाही."

डॉक्टरानं माहीत नाही म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. मनकर्णाबाईंना त्या क्षणी ते आवडून गेले.

"पुस्तकात नसंन त तुमी लिवा," त्या म्हणाल्या. "आन आधी थे वरचं खोडा."

"काय?"

"वायुविकार. चुकलेलं गणित तसंच ठिवून खाली बरोबर उत्तर लिवलं, त मी पोरीयले मार्क देत नाई."

वामनरावांनी पेन काढलं, वायुविकार या शब्दावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं. ल्यूपस, दहा वर्षे. हृदयाच्या धमन्या अरुंद. विश्रांतीत आलेख स्वच्छ, जिना चढल्यावर बदल. खाली तारीख आणि सही. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली.

जाईबाई दारात छत्री धरून उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. पिशवीतली ओव्याची पुरचुंडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "म्हंजे मी इतके दिवस हे शेकत बसली थे…"

"तुह्या शेकानं बरं वाटे मले, माय," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि मग मात्र त्यांचे डोळे भरून आले.

पांढऱ्या गोळीचं प्रमाण नागपूरला विचारून कमी झालं. तूप, तळण बंद. दुखलं की जिभेखाली गोळी. वामनरावांनी बदलीसाठी अर्ज करा, पूल टाळा, असं बजावलं. बाईंनी अर्ज केला नाही. त्याऐवजी त्या घरून वीस मिनिटं आधी निघू लागल्या. दहाव्या पायरीवर, मूठ आवळण्याच्या आधीच, थांबायचं. तिथं छत्रीखाली उभ्या राहून मनाशी सतराचा पाढा दोनदा म्हणायचा आणि मग पुढं जायचं. मग सतराव्यावर पुन्हा तेच, मग सव्विसाव्यावर. स्टेशनवरचे हमालसुद्धा बाई थांबल्या की वाट सोडून चढू लागले. त्या नऊ जणींतल्या सातजणींच्या बापांना त्यांनी त्या उन्हाळ्यात गाठलं. उरलेल्या दोघांना पुढच्या.

एकोणसत्तरच्या डिसेंबरात शाळेला निघताना पोस्टमननं बाईंच्या हातात एक कार्ड दिलं. अमरावतीचा शिक्का. ते त्यांनी सतराव्या पायरीवर थांबल्यावर वाचलं.

"श्रीमती मनकर्णाबाई यांस सप्रेम नमस्कार. काल अकोटहून शकुन नावाची बाई आली. वय एकतीस. गालांवर तुमच्यासारखाच डाग, आठ वर्षांपासून तीच पांढरी गोळी. घरचे वात म्हणून घरीच शेकत होते. जिना चढून वर आली तेव्हा हात छातीवर होता. नत्थुजींनी तिला बाकावर बसू दिलं नाही, सरळ आत आणलं. आलेखात सापडलं. पोरगी आता ठीक आहे. आपला, वामनराव."

खालून मालगाडी धडधडत गेली, पूल हादरला. बाईंनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं आणि पदरानं चष्मा पुसला. सतराचा पाढा म्हणायचा राहून गेला होता. मग त्यांनी तो पहिल्यापासून सुरू केला, दोनदा पुरा म्हटला, आणि अठराव्या पायरीवर पाय ठेवला.